कोन नाई आलं?

सभेला किती माणसं आली हे सोमाजी भोयरांनी कधी मोजलं नाही. ते उभे राहायचे, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर दोनदा झटकायचे, पुन्हा घालायचे आणि समोर बसलेल्या लोकांना विचारायचे, "कोन नाई आलं?"

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला त्यांची जरा कीवच आली. जो आलाच नाही तो हात वर कसा करणार? पण उत्तर मिळायचं. लोक इकडेतिकडे बघायचे, आठवायचे आणि कुणीतरी म्हणायचं, "मोतीरामच्या घरचं कोनी नाई दिसत." दुसरा म्हणायचा, "त्याच्या पायात काटा मोडला ना, भाऊ." मग सोमाजीभाऊ छत्री उचलून मोतीरामच्या घराकडे चालू लागायचे. मोतीराम चालू शकत असेल तर त्याला घेऊन यायचे, नाहीतर त्याचं म्हणणं ऐकून यायचे आणि ते सभेत सांगायचे. तोवर सभा थांबायची. सभेबरोबर मीही थांबायचो, आणि थांबणं मला कधी जमलेलं नाही.

परवा आमच्या वस्तीतल्या सभागृहात एक कार्यक्रम होता. ज्येष्ठ नागरिक म्हणून मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. मागे भला मोठा फलक होता, 'सर्वांचा सहभाग, सर्वांचा विकास'. वक्ते म्हणाले, "आज आपण सारेच इथे उपस्थित आहोत," आणि टाळ्या पडल्या. मी उठून उभा राहिलो. माझ्या तोंडून तो प्रश्न निघणारच होता, तेवढ्यात सूनबाईंनी बाही ओढून मला खाली बसवलं. पाठ दुखते आहे असं काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. पण त्या रात्री घरी आल्यावर मी वही काढली.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी ओव्हरसियर होतो. तेव्हा चंद्रपूरला चांदा म्हणत आणि गडचिरोली ही चांद्यातली एक तहसील होती. मी रुजू झालो तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो आणि बदली होऊन निघालो तेव्हा मुंबई राज्यात. मधल्या काळात माझी खुर्ची मात्र जागची हलली नव्हती. सरकारनं गावोगावच्या विकासाची नवी योजना काढली होती. विहिरी, रस्ते, शाळा हे सगळं लोकांच्या श्रमदानातून करायचं. त्यासाठी ब्लॉक ऑफिस उघडलं आणि गावांवर ग्रामसेवक नेमले. चामोर्शीच्या बाजूची जंगलातली सहा गावं सोमाजीभाऊंकडे होती. त्यांच्या गावांतली बांधकामं बघायला मी जायचो.

त्यांनी पंचेचाळिशी ओलांडली होती. उंची बेताची, चेहरा उन्हानं रापलेला, खांद्याला पाण्याचा वाळका भोपळा लटकवलेला. आधी ते प्राथमिक शाळेत मास्तर होते. शाळेतही हजेरी घेताना ते हजर पोरांची नावं पुकारत नसत, असं त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं मला सांगितलं. "आलेलं पोरगं दिसतेच ना," असं म्हणायचे म्हणे. न आलेल्याच्या घरी शाळा सुटल्यावर जायचे. ग्रामसेवक झाल्यावर त्यांनी फक्त पोरांच्या जागी गावं घेतली.

सरकारनं ग्रामसेवकांना सायकली दिल्या होत्या. सोमाजीभाऊंची सायकल त्यांच्या घराच्या ओसरीवर उभी असायची आणि तिच्यावर वहिनी मिरच्या वाळत घालायच्या. मी विचारलं, तर म्हणाले, "सायकलवर बसलं की मागं कोन राह्यलं ते दिसत नाई, साहेब."

जंगलातल्या पायवाटेनं माणसं एकामागे एक चालतात. आम्ही आठ-दहा जण निघालो की सोमाजीभाऊ वाटेच्या तोंडाशी उभे राहायचे, सगळ्यांना पुढे घालायचे आणि स्वतः शेवटी लागायचे. त्या रानात वाघ होता आणि शेवटची जागा कुणालाच नको असायची. मी एकदा भीड सोडून विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना. काऊन नाई वाटनार?"

"मग?"

"मंग शेवटी कोनीतरी असतेच ना, साहेब. मी नाई तं दुसरा."

माझा नंबर कायम मधे असायचा. याबद्दल त्यांनी मला एका शब्दानंही कधी टोचलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

कोसमटोला हे त्यांच्या सहा गावांपैकी सगळ्यात आत होतं. बावीस घरं. बहुतेक गोंडांची, चार-पाच धान पिकवणाऱ्या कुणब्यांची. गावाचा पाटील मडावी. जाड आवाजाचा, थोडं बोलणारा आणि बोलला की शब्द मागे न घेणारा माणूस होता तो. गावाला विहीर नव्हती. बायका नाल्याच्या वाळूत खड्डे करून वाटीवाटीनं पाणी भरायच्या, आणि चैत्रानंतर त्या खड्ड्यांनाही पाणी लागेनासं व्हायचं. मग अर्ध्या कोसावरच्या डोहाकडे जायचं. आमच्या ऑफिसनं कोसमटोल्याला एक विहीर मंजूर केली होती. एकच. काम पावसाच्या आधी पुरं करायचं, नाहीतर मंजुरी दुसऱ्या गावाला जाणार.

जागा ठरवायच्या सभेला आमचे मोठे साहेब जीपनं आले. पाटलाच्या अंगणात गाव जमलं. सोमाजीभाऊंनी टोपी झटकली आणि विचारलं, "कोन नाई आलं?"

थोडी चुळबुळ झाली. एक माणूस खाली बघत म्हणाला, "माही घरवाली. रायबाई."

"काऊन?"

त्यानं पाटलाकडे पाहिलं. शेवटी पाटीलच म्हणाला, "कुर्म्यात हाय." पाळीच्या दिवसांत बायकांनी गावाबाहेरच्या झोपडीत राहायचं, ती कुर्मा. तिथल्या बाईनं गावात यायचं नाही आणि पुरुषांनी तिकडे फिरकायचं नाही, अशी रीत होती. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "ठीक आहे, भोयर, सुरू करा. तिचा नवरा आहे ना इथं."

"तिचा नवरा पानी भरत नाई, साहेब," सोमाजीभाऊ म्हणाले आणि छत्री घेऊन निघाले.

साहेबांचा चेहरा मला अजून आठवतो. सोमाजीभाऊ गेले आणि कुर्म्यापासून वीसेक पावलांवरच्या मोहाखाली झोपडीकडे पाठ करून बसले. रीत त्यांनी मोडली नाही. तिथून ते मोठ्यानं विचारत होते आणि रायबाई आतून मोठ्यानं उत्तर देत होती. सगळी सभा इकडे बसून ऐकत होती. रायबाईचा आवाज खणखणीत होता. "पाटलाच्या दारात विहीर नोको म्हना! एर साऱ्याइचं असते. त्याच्या दारात गेलं का त्याचं होते." एर म्हणजे गोंडीत पाणी.

पाटलाच्या दारातच विहीर करायचं आमच्या साहेबांनी जवळजवळ ठरवलं होतं. पाटील लाल झाला, साहेब खोकले आणि विहीर पाटलाच्या दारातून हलली. त्या दिवशी मी सोमाजीभाऊंना मनातल्या मनात पहिला नमस्कार केला. साहेबांनी मात्र त्यांच्या कामाच्या नोंदीत 'वेळेचे भान नाही' असा शेरा मारला. तो शेरा सोमाजीभाऊंनी मला मोठ्या कौतुकानं दाखवला. "खरंच लिवलं, साहेब. घड्याळ माह्याजवळ नाईच."

या माणसाला सगळेच मोठा म्हणत असं नाही. वहिनींचं मत वेगळं होतं. त्यांच्या लेकीच्या लग्नात मी गेलो होतो. सोमाजीभाऊ पंगतीपंगतीतून फिरत होते. वाजंत्री जेवले का, बैलगाडीवाले जेवले का, भांडी घासणाऱ्या बाया जेवल्या का. शेवटच्या पंगतीनंतर समाधानानं खांबाला टेकून बसले, तेव्हा वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पाहा भाऊ. साऱ्या जगाले जेवले का म्हनून पुसते. सकाळपासून मी जेवली का, हे नाई पुसलं." सोमाजीभाऊंनी जीभ चावली आणि स्वतः उठून पत्रावळ आणली. सगळे हसले. मीही हसलो आणि विसरून गेलो.

विहिरीसाठी सोमाजीभाऊंची एक पद्धत होती. घरपती एक गोटा. विहिरीच्या बांधकामातला सगळ्यात तळचा थर गावातल्या प्रत्येक घरानं स्वतःच्या हातानं आणलेल्या दगडांचा असायचा. दगड कुठलाही चालेल, पण त्याच घरातल्या माणसानं आणायचा आणि सगळ्यांसमोर ठेवायचा. मी म्हणालो, याची बांधकामाला काही गरज नाही. ते म्हणाले, "बांधकामाले नसन. पन तळचा गोटा माहा हाय म्हटलं का कोनी कोनाले विहिरीवरून हाकलत नाई."

जागा मी नेमली. आंब्याजवळची, गाडीवाटेला लागून असलेली सपाट जमीन. खरं सांगायचं तर जीप तिथवर येत होती, हे मला फार सोयीचं वाटलं. सभेत बावीस घरांनी होकार दिला. कुर्म्यातून परतलेल्या रायबाईनंही दिला. सोमाजीभाऊंनी तीनतीनदा विचारलं, कोन नाई आलं, आणि प्रत्येक घराचं माणूस दाखवून घेतलं. बावीस दगड आले. आंब्याखाली त्यांची रास लागली. "एकबी घर सुटलं नाई, साहेब," ते मला म्हणाले. एवढं अभिमानानं बोलताना मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

कोसमटोल्यानं दोन महिने खणलं. सकाळी पुरुष सब्बल-कुदळ घेऊन आत उतरायचे, बायका पाट्यांनी माती वर ओढायच्या. रायबाई सगळ्यांत आधी यायची. मुरूम लागला, मग कठीण मुरूम, आणि वैशाखात अठ्ठावीस हातांवर काळा खडक लागला. सब्बल आपटली की ठिणगी उडायची. पाणी नाही, ओल नाही, ओलीचा वासही नाही. मी खाली उतरून खडकावर हात फिरवला. तो गरम होता.

वर आलो तर बायकांनी पाट्या पालथ्या घातल्या होत्या. सोमाजीभाऊ मातीच्या ढिगावर बसले होते. पाऊस महिन्याभरावर आला होता आणि मंजुरी एकाच विहिरीची होती. मला माझी चूक कळत होती, पण ती तोंडातून निघत नव्हती.

दुपारची वेळ होती. जंगलातून चैतू आला. चैतू म्हणजे गावाचा ढोरकी, सगळ्या गावाची गुरं राखणारा पन्नाशीचा माणूस. रोज सकाळी बावीस घरची गुरं आखरावर, म्हणजे गावकुसाबाहेरच्या मोकळ्या जागेत, जमायची. चैतू ती हाकून रानात न्यायचा आणि संध्याकाळी परत आणायचा. बदल्यात तो रोज एका घरी जेवायचा, पाळीपाळीनं. झोपायचा आखराच्या कडेच्या मांडवाखाली. त्या दिवशी त्याच्याजवळचं पाणी संपलं होतं म्हणून तो गुरं झाडाखाली बसवून आला होता. रायबाईनं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. पिऊन झाल्यावर त्यानं खड्ड्यात डोकावून पाहिलं आणि सहज म्हणाला, "इथी पानी नाईच."

"तुले काय माहीत?" कुणीतरी खेकसलं.

"माहीत होतं ना."

सोमाजीभाऊ ढिगावरून उठले. "माहीत होतं? मंग सांगतलं काऊन नाई, चैतू?"

"मले कोनं इचारलं, भाऊ?"

"सभेत विचारलं ना! तीनदा विचारलं. तू नोहता काय?"

"सभा सकाळी भरे. मी ढोरं सोडून कसा येऊ?" चैतूच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हवापाण्याबद्दल बोलावं तसं तो बोलत होता. "आन तुम्ही घरचा एकेक मानूस बोलावला. मले घर कुठी हाय?"

तो काठी उचलून गुरांकडे गेला. सोमाजीभाऊ जागचे हलले नाहीत. त्यांनी टोपी काढली, झटकली नाही, तशीच हातात धरून राहिले. मग मला म्हणाले, "साहेब, हा मानूस बावीसही घरी जेवते. मी त्याच्या शेजारी बसून जेवलो हावो. तरी मले तो दिसला नाई." त्यांचा आवाज फुटला होता. विहीर कोरडी निघाल्यावरही तो फुटला नव्हता. मला त्या क्षणी वहिनी आठवल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते चैतूबरोबर गुरांमागे गेले. दिवसभर हिंडले. चैतूनं त्यांना बोडीच्या, म्हणजे धानासाठी पावसाचं पाणी अडवणाऱ्या आणि उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्याच्या, खालच्या अंगाचा एक उंबर दाखवला. वैशाखात सगळं रान तापलं की गुरं दुपारी तिथेच येऊन बसतात, कुणी न हाकता. दुसरीकडे सावली दाट असली तरी तिथेच. चैतू म्हणाला म्हणे, "भुई थंडी लागते त्याइच्या पोटाले."

संध्याकाळी मी आखरावर वाट बघत उभा होतो. धूळ उडवत गुरं आली, मागून हे दोघं. चैतू एका मोठ्या चपट्या दगडावर बसला. रोज सकाळ-संध्याकाळ त्याची बसायची जागा तीच होती. त्यानं गुरांवरून एकदा नजर फिरवली, एकही मोजलं नाही, आणि उठत म्हणाला, "टिकली नाई आली." टिकली म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेली कालवड. तो आल्या पावली परत रानात शिरला.

सोमाजीभाऊ त्या वाटेकडे बघत राहिले. "साहेब, मले वाटे, असं विचारनारा मीच हावो या मुलखात," ते म्हणाले. "हा मानूस रोज तेच करून राह्यला."

प्रश्न होता तो नव्या खड्ड्याचा. पाटील आखरावर आला होता. त्याला सोमाजीभाऊंनी उंबराचं सांगितलं. पाटलाच्या कपाळावर आठ्या चढल्या. "आता ढोरक्याले इचारून विहीर खनाची? लोकाइचे हात सोलले, भाऊ. पुन्हा कोनी सब्बल धरनार नाई. आन तिथीबी नाई लागलं तं?"

"म्हनूनच सभा घ्या लागन, पाटील. चैतू असन अशी सभा."

"आन ढोरं कोन राखन?"

"मी," सोमाजीभाऊ म्हणाले.

आणि खरंच, तिसऱ्या दिवशी सकाळी छत्री आणि भोपळा घेऊन ते बावीस घरच्या गुरांमागे निघून गेले. आयुष्यभर सभा भरवणारा हा माणूस आपल्या सगळ्यात मोठ्या सभेला हजर नव्हता. सभा माझ्या गळ्यात पडली.

ती आखरावरच भरली. चैतू कडेला उभा होता. काठी नसल्यानं हात कुठे ठेवावे ते त्याला समजत नव्हतं. मी घसा साफ केला आणि माझ्या शहरी मराठीत विचारलं, "कोण आलं नाही?" बायका खुदकन हसल्या. रायबाई म्हणाली, "सोमाजीभाऊ नाई आले. ढोरं चारून राह्यले!" मोठा हशा झाला. मग तो ओसरला, आणि ते का आले नाहीत हे एकेकाच्या ध्यानात येत गेलं असावं. सगळ्यांची तोंडं आपोआप चैतूकडे वळली.

आता बोलणं भागच होतं. मी आधी माझं सांगून टाकलं. आंब्याजवळची जागा मी जीपच्या सोयीनं निवडली होती, चूक माझी आहे, ऑफिसात मी तसंच लिहून देईन. मग चैतूला विचारलं. तो अडखळत बोलला. उंबर, बोडीचा उतार, गुरांचं बसणं. "मले काई समजत नाई, बावा. ढोराइले समजते. मी त्याइच्या मागं मागं राह्यतो, म्हनून मले दिसते."

मग रायबाई उठली आणि बसायला घेतलेली पालथी पाटी तिनं सुलटी केली. "दोन महिने खडक फोडला. आता आठ दिवस ढोराइचं आयकू." तिच्यामागे आणखी दोघी उठल्या. पुरुष पाटलाकडे बघत होते. पाटील जमिनीकडे बघत होता.

"चैतू," शेवटी पाटील म्हणाला, "विहिरीले घरपती गोटा हाय. तुहा गोटा कुठून आनशील?"

तो टोमणा होता की साधा प्रश्न, ते मला आजही सांगता येणार नाही. चैतूनं आखरावर इकडेतिकडे पाहिलं. मग तो त्याच्या त्या चपट्या दगडाजवळ गेला, त्याच्या खाली बोटं घातली आणि उचलू लागला. दगड एका माणसाच्या आवाक्यातला नव्हता. चैतूनं तो कसाबसा एका बाजूनं वर केला आणि तो तसाच अर्धा धरून उभा राहिला. कुणी हललं नाही.

मडावी पाटील उठला. धोतराचा सोगा खोचला, गेला आणि दगडाची दुसरी बाजू धरली. दोघं तो उचलून उंबराकडे चालू लागले. त्यांच्यामागे सगळं गाव निघालं. मी शेवटी राहिलो. ठरवून नव्हे, डोळे पुसत होतो म्हणून.

संध्याकाळी सोमाजीभाऊ गुरं घेऊन आले. टोपी कुठल्याशा काटेरी झुडपात राहिली होती, चपलेचा अंगठा तुटलेला, पोटरीवर ओरखडे. त्यांनी सभेचं काही विचारलं नाही. चैतू समोर उभा होता, त्याला विचारलं, "पाह्य बावा. कोन नाई आली?"

चैतूनं गुरांवरून नजर फिरवली. "सारी आली, भाऊ."

सोमाजीभाऊ तिथेच मातीत बसले. त्यांच्या त्या प्रश्नाला असं उत्तर मिळालेलं मी कधी ऐकलं नव्हतं, आणि मला वाटतं, त्यांनीही नाही. ते लहान पोरासारखे हसत होते.

उंबराखाली चौदा हातांवर पाणी लागलं. आधी ओल आली, मग एका कोपऱ्यातून बोटभर धार. रायबाई आत उतरलेली होती. तिनं ते पाणी ओंजळीत घेतलं आणि आधी वर उभ्या असलेल्या चैतूला द्यायचं म्हणून शिडी चढू लागली. वर येईपर्यंत सगळं सांडलं. चैतूनं तिच्या ओल्या हाताला हात लावला आणि तो डोळ्यांना लावला. तळच्या थरात तेवीस दगड बसले. पावसाच्या आधी काम पुरं झालं. जागा बदलल्याबद्दल ऑफिसनं मला कागद दिला, त्याला मी उत्तर दिलं आणि तो विषय मिटला. बसायचा दगड गेल्यापासून चैतू संध्याकाळी विहिरीच्या काठावर बसायचा, आणि त्याला तिथून कुणी उठवलं नाही. गावानं एक ठरवून टाकलं होतं. सभा असेल त्या दिवशी गुरं एकेका घरानं पाळीनं राखायची.

पुढे माझी बदली झाली. निरोप घ्यायला मी कोसमटोल्याला गेलो आणि गाव मला मोटारच्या सडकेपर्यंत पोचवायला आलं. तीन कोसांची पायवाट. सोमाजीभाऊंनी सगळ्यांना पुढे घातलं आणि स्वतः शेवटी लागले. त्या दिवशी मात्र मी हट्टानं त्यांच्या पुढे, म्हणजे शेवटून दुसरा चाललो. आम्ही फार बोललो नाही. एका वळणावर मी मागे पाहिलं तर त्यांच्यामागे चैतू होता. मी विचारलं, "आज गुरं?"

"पाटलाची पाळी हाय," चैतू म्हणाला.

सोमाजीभाऊंनी मागे वळून त्याला पुढे व्हायला सांगितलं. तो हो म्हणाला आणि मागेच राहिला.

सडकेवर मोटार उभी होती. मी चढलो, खिडकीत बसलो. सोमाजीभाऊंनी खिडकीतून माझा हात धरला. "सांभाळून राह्यजा, साहेब," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांची माझी भेट झाली नाही. ते गेल्याचं पत्र मला फार उशिरा मिळालं.

मोटार सुरू व्हायला वेळ लागत होता. मी बघत होतो. मंडळी परत फिरली आणि एकेक करून पायवाटेत शिरली. रायबाई गेली, बाकीचे गेले. वाटेच्या तोंडाशी दोघंच उरले. सोमाजीभाऊ छत्रीनं चैतूला खुणावत होते, तू हो पुढं. चैतू मान हलवत होता, काठी टेकून उभा, तुम्ही व्हा. ते पुन्हा खुणावत होते. तो पुन्हा मान हलवत होता.

तेवढ्यात मोटार निघाली. मी खिडकीतून जेवढं वाकता येईल तेवढं वाकलो, पण वळण आलं. शेवटी पुढे कोण गेलं ते मला दिसलं नाही.